सेप्सिस : प्रथम भेटणाऱ्या वैद्याचे कर्तव्य

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. अठ्ठेचाळीस तासांत ही संख्या ३१ वर गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. हे सर्व मृत्यू सेप्सिसमुळे झाले, असे म्हणता येणार नाही. औषधे व मनुष्यबळ यांच्या तुटवड्याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली आणि ती आवश्यकच होती. तथापि अनेक रुग्ण अन्यत्र उपचार घेऊन अत्यवस्थ स्थितीत आले होते, हे त्या वेळी दिले गेलेले स्पष्टीकरण आम्हांस वैद्यवर्गाच्या दृष्टीने अधिक विचारणीय वाटते. मोठ्या रुग्णालयातील खाटा वाढविणे आपल्या हाती नाही. परंतु रुग्ण तेथे किती लवकर व कोणत्या स्थितीत पोहोचतो, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. किनवट वा माहूरचा रुग्ण नांदेडपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असतो आणि त्याची पहिली भेट बहुधा आपल्यापैकीच कोणाशी तरी होते.

व्याधीचे स्वरूप

जंतुसंसर्गाला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद अनियंत्रित होऊन अवयवांचे कार्य धोक्यात येणे म्हणजे सेप्सिस, अशी व्याख्या २०१६ मध्ये स्वीकारली गेली. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, प्रसूतीनंतरचा ज्वर, मधुमेही रुग्णाच्या पायाचा व्रण, अर्भकाची पिकलेली नाळ, यांपैकी काहीही त्याचे मूळ असू शकते. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लक्ष लोकांना सेप्सिस झाला व सुमारे १ कोटी १० लक्ष मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील बहुतांश रुग्ण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न

सेप्सिसची शंका घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आपली त्रिविध परीक्षा पुरेशी आहे. दर्शनाने श्वास मोजावेत. प्रौढ रुग्णात मिनिटाला २२ किंवा अधिक श्वास, भ्रम, तंद्रा वा असंबद्ध बोलणे ही धोक्याची चिन्हे होत. स्पर्शनाने हातपाय गार आहेत काय, नाडी द्रुत व क्षीण आहे काय, हे पाहावे. बोटाचे टोक दहा सेकंद दाबून सोडल्यावर रंग परतण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास रक्ताभिसरण मंदावले आहे, असे समजावे. रक्तदाब मोजावा, वरचा आकडा १०० किंवा त्याखाली असणे चिंताजनक आहे. प्रश्नाने लघवी शेवटची केव्हा झाली, हे अवश्य विचारावे. केवळ एका चिन्हावर विसंबू नये, तसेच ज्वर नाही म्हणून निश्चिंतही राहू नये. वृद्ध व अर्भक यांचे अंग गारही पडते. दूध न ओढणारे, हलविल्याशिवाय हालचाल न करणारे, अंग गार पडलेले किंवा मिनिटाला ६० वा अधिक श्वास घेणारे अर्भक तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

विलंब कोठे होतो

ज्वर आला की वेदनाशामक व स्टिरॉइडची सुई, एक सलाईन आणि 'उद्या या', हा क्रम खेड्यापाड्यांत रूढ आहे. ताप उतरतो, रुग्णाला बरे वाटते आणि दोन दिवस हातचे जातात. ज्वरातील लंघन-पाचनाचा क्रमही येथे लावता येत नाही. ही आत्ययिक अवस्था आहे.

शॉकची चिन्हे असल्यास प्रतिजैविकाची पहिली मात्रा एका तासाच्या आत द्यावी, असे २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शॉक नसून केवळ शंका असेल, तर त्वरित तपासणी करून तीन तासांपर्यंत निर्णय घेता येतो. म्हणजेच प्रत्येक ज्वराला प्रतिजैविक देणे हा याचा अर्थ नव्हे. तसे केल्यास औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. कायद्याने दिलेल्या मर्यादेत व प्रशिक्षणानुसार ही मात्रा द्यावी. ते शक्य नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णाला विनाविलंब पाठवावे.

सलाईनविषयी मात्र तारतम्य हवे. पूर्व आफ्रिकेतील बालकांवरील २०११ च्या अभ्यासात वेगाने सलाईन दिलेल्या मुलांत मृत्यू अधिक झाले. झांबियातील प्रौढांवरील २०१७ च्या अभ्यासातही तोच अनुभव आला. कृत्रिम श्वसनाची सोय नसेल तेथे थोडे थोडे द्यावे व प्रत्येक वेळी श्वास मोजावेत. कुपोषित वा पांडुरोगी बालकात ही दक्षता दुप्पट हवी.

मूळ काढणे

पू साठला असेल तर केवळ औषधाने भागत नाही. सुश्रुताचार्यांनी आम व पक्व शोथाचा विवेक स्वतंत्र अध्यायात सांगितला आणि अपक्व शोथ छेदणाऱ्या वैद्याइतकाच पक्व शोथाची उपेक्षा करणाऱ्यासही दोष दिला. मधुमेही शेतकऱ्याच्या पायात पू असताना आठवडाभर मलमपट्टी करणे ही तीच उपेक्षा होय.

अल्प साधनांत काय साधते

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूतांनी सेप्सिस ओळखून जेंटामायसिनची सुई व कोट्रायमॉक्साझोलचे औषध दिले. सेप्सिस झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे अतिदक्षता विभाग नव्हता. वेळेवर पाहणारा माणूस होता. अल्पशिक्षित स्त्रियांना जे साधले, ते पदवीधर वैद्यांना साधू नये, असे नाही.

आमची सूचना

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाखांनी पाठवणीचा एकच छापील कागद वापरावा. त्यावर लक्षणे सुरू झाल्याची वेळ, श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्धी, लघवी, दिलेले प्रत्येक औषध, त्याची मात्रा व वेळ एवढे असावे. दिलेली सुई लपवू नये. ती माहीत नसल्यास पुढील डॉक्टर अंधारात राहतो. रुग्ण निघण्यापूर्वी विष्णुपुरी अथवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयास दूरध्वनी करावा. पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे विचारून शाखेच्या मासिक बैठकीत त्यावर नावाविना चर्चा करावी. या कामास निधी लागत नाही. घड्याळ, रक्तदाबमापक आणि वेळीच 'हा रुग्ण माझ्याकडे थांबवू नये' असे म्हणण्याची तयारी लागते.