डोंगराचं पाणी, मिठीचं पात्र

विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावर पडलेल्या पावसाला दोन वाटा फुटतात. पूर्व उतारावरचं पाणी ठाण्याच्या खाडीकडे जातं, पश्चिमेकडचं साकीनाक्याच्या अंगाने मिठीकडे. मिठी म्हटलं की कुर्ला, धारावी, माहीम आठवतं. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत या नदीचं जे झालं, त्याचा बराचसा हिशेब तिच्या वरच्या अंगाला, विहार-पवई-विक्रोळीच्या डोंगरांत सापडतो.

पहिला बदल तहानेपोटी झाला. विहारच्या धरणाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये पुरं झालं. पुढे तासो नदी अडवून तिचं पाणी विहारकडे वळवलं, त्यातून तुळशी तलाव झाला. १८९० च्या सुमारास पवईचा बांध आला. मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते यामुळेच, हे विसरून चालणार नाही. नदीचा उगम मात्र बांधाआड गेला. पावसाळ्यात तलाव भरून वाहिले की वरून पाणी येतं. एरवी मिठीत वाहतं ते बहुतांशी वस्त्यांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी.

खालच्या टोकाला माहीमचा कॉजवे १८४५ मध्येच उभा राहिला होता. १९७० च्या दशकानंतर वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीकाठच्या दलदलीत आणि तिवरांत भराव पडला. पूर आणि भरती एकाच वेळी आली तर पाणी पसरायचं ते याच जागेत. मधल्या टप्प्यात विमानतळापाशी नदीला काटकोनात वळावं लागलं.

पाणलोटात ढवळाढवळ झाली की नदी कशी वागते, याचा क्रम एम. गॉर्डन वोल्मन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या मेरीलँडच्या नद्या पाहून १९६७ मध्ये मांडला. बांधकामं चालू असताना उघडी पडलेली माती पात्रात येऊन साचते. इमारती आणि रस्ते पुरे झाले की माती कमी होते, पण पाणी जिरायला जागा उरत नाही. ते एकदम धावत येतं आणि नदी काठ खाऊन स्वतःला रुंद करते. आपल्याकडे या दोन्ही अवस्था एकाच वेळी चालू आहेत. एका उतारावर टॉवर आणि काँक्रीट, शेजारच्या उतारावर जुनी खाण, खोदलेला कडा, त्याला टेकून घरं. आषाढात पार्कसाइटच्या पायऱ्यांवरून उतरणारं पाणी पाहावं: गढूळ, तांबूस, सोबत खडी. गटाराच्या जाळीपाशी त्या खडीचा बोटभर थर बसतो. पवईचं पाणलोट क्षेत्र जेमतेम ६.६१ चौरस किलोमीटर, म्हणून तिथला प्रत्येक खोदलेला उतार तलावाला जाणवतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरती. मिठीने कालिना, कुर्ल्यात गेलेली जागा परत घेतली. त्यानंतर सगळा राग प्लास्टिकच्या पिशव्यांवर निघाला. पिशव्यांनी नाले तुंबले हे खरंच, पण पात्र अरुंद केलं, भराव टाकला आणि डोंगर सोलला तो पिशव्यांनी नव्हे. माधवराव चितळे समितीने पुराची कारणमीमांसा केली, नदीसाठी प्राधिकरण झालं, पात्र रुंद आणि खोल केलं गेलं. त्याचा उपयोग झालाच. सोबत दोन्ही काठांना संरक्षक भिंती आल्या. वाढलेल्या पाण्याला काठ खाऊन जागा करून घेण्याची जी नदीची रीत, तिलाच या भिंती आडव्या येतात. मग पाणी उंचीने वाढतं.

१८ जुलै २०२१ च्या पहाटे विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड कोसळून माणसं गेली. १६ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे पार्कसाइटच्या जनकल्याण सोसायटीत दरडीखाली दोघांचा जीव गेला, आणि तीनच दिवसांनी मिठीने धोक्याची पातळी गाठल्यावर कुर्ल्याच्या क्रांतिनगरातली कुटुंबं हलवावी लागली. बातम्यांत दरड वेगळी आणि पूर वेगळा. मला ती एकाच आजाराची दोन लक्षणं वाटतात, कारण जो उतार घरांवर कोसळतो, तोच थोडाथोडा रोज नाल्यात उतरत असतो.

दर वर्षी मेअखेर किती टन गाळ काढला याचे आकडे जाहीर होतात. त्यांच्या शेजारी आणखी एक आकडा छापला जावा: त्या वर्षी पवई, विक्रोळी, साकीनाक्याच्या उतारांवर किती जमीन नव्याने खोदली गेली.