परवाना कोणाचा, तक्रार कुठे

फ्लॅट विकणारा एजंट, दवाखान्यातला डॉक्टर, वायरिंगचा ठेकेदार, नळजोडणी करणारा प्लंबर यांची नोंदणी किंवा परवाना देणारी यंत्रणा वेगवेगळी असते. हा परवाना किंवा नोंदणी खरी आहे का, हे पैसे देण्याआधी पाहायचे असते.

मुंबईतल्या गोराईत हा प्रश्न घरापाशीच येतो. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने इथे भूखंड आखून दिले. त्यावरच्या सोसायट्या आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत आणि नव्या इमारतींतले फ्लॅट एजंट विकत आहेत. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची आहे. प्रकल्पाचा क्रमांक 'पी'ने सुरू होतो, एजंटाचा 'ए'ने. पत्रकावर क्रमांक छापलेला आहे एवढ्यावर मुळीच विसंबू नये. महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे, तिची मुदत कधीपर्यंत आहे आणि इमारत कधी पूर्ण करण्याचे कबूल केले आहे, हे दिसते. भाड्याची खोली दाखवणाऱ्या दलालाला मात्र ही नोंदणी लागत नाही. तिथे दलालीची सहीची पावती हाच आधार.

अॅलोपॅथीच्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा स्वतंत्र आहेत.

तक्रार करताना एक गल्लत वारंवार होते. परिषद डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढू शकते, पण रुग्णाचे पैसे परत मिळवून देत नाही. ग्राहक आयोग भरपाई देतो, पण नोंदणी रद्द करत नाही. दोन्ही हवे असेल तर दोन्हीकडे अर्ज करावा लागतो. पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवले. वकिलांना 2024च्या निकालाने त्यातून वगळले, त्यामुळे वकिलाविरुद्धची तक्रार बार कौन्सिलकडेच जाते.

2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. ही मोठी सोय आहे, कारण कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी गोराईकराला वांद्रे पूर्वेच्या उपनगर जिल्हा आयोगाकडे जाता येते. ग्राहक आयोगांच्या 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्याही अर्ज भरता येतो. आधी समोरच्याला लेखी नोटीस पाठवून पंधरा दिवस द्यावेत. उत्तर आले नाही, तर तीही पुराव्याचीच बाब होते. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर काही प्रकरणे त्याआधीच मिटतात.

मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. पावती, करार, मोबाइलवरचे संदेश आणि फोटो तारखेवार लावून जोडले की बाजू उभी राहते. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. निकाल विरुद्ध गेला तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. आदेश धुडकावणाऱ्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे.