रक्तविकारांचा परळ–कल्याण मार्ग

थॅलेसेमिया मेजर जन्मापासून असतो, पण जन्मताच दिसत नाही. गर्भातल्या बाळाच्या रक्तात प्रामुख्याने एफ प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा ए प्रकार घेतो. ए प्रकारासाठी लागणारी बीटा साखळी बनवणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. आई आणि वडील या दोघांकडूनही ते सदोष आले, तर ही अदलाबदल नीट होत नाही. सहा महिने ते दोन वर्षे या काळात मूल पांढरेफटक पडू लागते, दूध पिताना दमते, पांथरी वाढून पोट पुढे येते. पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणे, हे त्याच्या आयुष्याचे वेळापत्रक होते.

असे मूल ज्यांच्या पोटी येते ते आईवडील बहुधा धडधाकट असतात. दोघेही वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर असतात आणि हे त्यांना माहीत नसते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे चालत नाही. दर वेळी फासे नव्याने पडतात.

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न ठळक होण्याला इतिहासही कारण आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आपल्याच समाजात लग्ने करण्याची रीत असलेल्या सिंधी, लोहाणा, भानुशाली यांसारख्या समाजांत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण सरासरीहून जास्त आढळते. भारतभर सर्वाधिक सापडणारा जनुकबदल ‘आयव्हीएस १-५’ या नावाने ओळखला जातो. सिंधी कुटुंबांत मात्र जनुकाचा ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असण्याचे प्रमाण मोठे आहे. प्रयोगशाळेला घराण्याचे मूळ गाव कळले, तर कोणता बदल आधी शोधायचा हे ठरवणे सोपे जाते.

हा एका समाजाचा आजार मानणे मात्र घातक ठरते. मुंबईसह सहा शहरांत ५६,७८० व्यक्तींची तपासणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात वाहकांचे एकूण प्रमाण २.७८ टक्के निघाले. डोंबिवलीतल्या मराठी घरातही वाहक असतो. त्याची तपासणी करावी असे कोणाला सुचत नाही, एवढाच फरक. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांकडे वळले की आदिवासी पाड्यांवर लाल पेशींना विळ्याचा आकार देणाऱ्या सिकलसेल आजाराचे जनुक भेटते. एकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला, तर मुलाला दोन्हींचा मिळून आजार होतो. सिकलसेलसाठी गावपातळीवर केली जाणारी विद्राव्यता चाचणी थॅलेसेमिया पकडत नाही. ज्या जिल्ह्यात दोन्ही जनुके वावरतात, तिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी हवीच.

या आजारांचे ज्ञान ज्या रुग्णालयांत घडले, ती परळला एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहेत. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले, वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये आणि टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या मुळाशी असलेला एच हा घटकच ज्यांच्या पेशींवर नाही, अशी ही माणसे. त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे १९५७ मध्ये याच परिसरात रक्तगट संदर्भ केंद्र उभे राहिले. त्यातून वाढलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तशास्त्र संस्था आज केईएमच्या आवारात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियावर संशोधन करते. रुग्ण, शिकणारा डॉक्टर आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असल्याने काय साधते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

रुग्ण मात्र परळला राहत नाहीत. मुंबईहून ठाणे रेल्वेने ३४ किलोमीटर, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४. कल्याणहून जलद लोकलने यायचे तर दादरला उतरून पुढे परळ गाठावे लागते. कर्करोगाच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवासाची मुभा आहे आणि केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला तिचा मोठा आधार असतो. रक्त चढवण्याच्या दिवशी आईची किंवा वडिलांची रजा पडते आणि मुलाची शाळा बुडते. आधी नमुना देऊन जुळणी करायची, मग रक्त चढायला तीन-चार तास. तीन आठवड्यांचे चक्र धरले तर वर्षाला असे सतराएक दिवस होतात. शस्त्रक्रियेसाठी माणूस आयुष्यात एकदा लांब जाईल. आयुष्यभर दर तीन आठवड्यांनी लांब जाणे ही वेगळीच गोष्ट आहे आणि म्हणूनच रक्तविकारांची सेवा घराजवळ हवी.

रक्ताबरोबर लोह येते. एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. निरोगी शरीर दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लोह टाकून देते आणि जास्तीचे बाहेर काढण्याची सोय त्याच्याकडे नाही. वर्षाला तीस-बत्तीस पिशव्या लागणाऱ्या मुलाच्या अंगात सहा ते आठ ग्रॅम लोह साठते; प्रौढ माणसाच्या सगळ्या शरीरात मुळात असते तीन-चार ग्रॅम. हे लोह यकृतात, हृदयात आणि वाढीची संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथींत जाऊन बसते. ते काढण्यासाठी आधी डेस्फेरिओक्सामिन होते. पोटाच्या कातडीखाली सुई लावून लहान पंपाने ते रात्रभर, आठवड्यातून पाच-सहा रात्री सोडावे लागे. नंतर डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स ही तोंडाने घ्यायची औषधे आली आणि घरोघरच्या रात्री बदलल्या. औषध रोज पोटात जाते का, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन किती, उंची वाढते का, हे पाहणारा ओळखीचा डॉक्टर लागतो. रक्त कुठेही चढवता येईल. हा हिशेब ठेवणारी वही मात्र एकाच ठिकाणी असावी लागते.

ठाण्याच्या बाजूने पाहता, महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय १९९२ पासून आहेत. कळव्याच्या पुढे कल्याण-उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात मात्र २०२४ पर्यंत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. त्या वर्षी अंबरनाथचे महाविद्यालय सुरू झाले. मधल्या पट्ट्याची भिस्त उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांच्यावर राहिली. ही सेवा देणारी रुग्णालये आहेत. शिकवणारे रुग्णालय वेगळे कशाने होते, तर तिथे प्रत्येक निदानाला ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारणारे विद्यार्थी असतात.

हा प्रश्न कुठे उपयोगी पडतो, ते गर्भवतीच्या साध्या रक्ततपासणीत दिसते. हिमोग्लोबिन १० आले की लोहाच्या गोळ्या सुरू होतात, कारण आपल्याकडे लोहाची कमतरता खरोखरच फार आहे. थॅलेसेमिया मायनरमध्येही हिमोग्लोबिन थोडे कमीच असते. त्याच कागदावर खाली लाल पेशींची संख्या आणि त्यांचा सरासरी आकार छापलेला असतो. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात आणि संख्येनेही घटतात. वाहकात त्या लहान असतात, पण संख्येने भरपूर. सरासरी आकाराला पेशींच्या संख्येने भागून उत्तर १३ च्या खाली आले, तर वाहक असल्याची शंका घ्यावी. मग एचपीएलसीवर ए-२ हिमोग्लोबिन मोजले जाते. ते साधारणपणे ४ टक्क्यांहून जास्त निघाले, तर बाई वाहक. लोहाची तीव्र कमतरता असेल तर हा आकडा दबून खाली येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. एका भागाकारासाठी यंत्र लागत नाही, शिकवलेली नजर लागते.

बाई वाहक निघाली की त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी व्हायला हवी. बऱ्याच घरांत इथेच गाडी अडते. दोघेही वाहक असतील तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाची जनुकीय तपासणी करता येते. गर्भ आजारी निघाला तर पुढे काय, हा निर्णय कुटुंबाचा. कायदा त्याला वाव देतो. पण पहिली नोंदणी पाचव्या महिन्यात झाली तर सगळेच अवघड होते. सायप्रसमध्ये १९७० च्या दशकात मोहीम सुरू झाली, पुढे चर्चनेही लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि आजारी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे पत्रिकेइतक्याच सहजतेने हा कागद पाहिला जावा, असे वाटते. पण मुलीच्या नावावर शिक्का बसेल या भीतीने तो लपवला जातो. एकटा वाहक कोणालाही आजार देत नाही, हे समजावून सांगायला समुपदेशक लागतो, आणि त्याचेही प्रशिक्षण असते.

रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच एका काचपट्टीवर होते. पावसाळ्यात डेंग्यूने वॉर्ड भरतात. ताप आणि उतरलेल्या प्लेटलेट म्हणजे डेंग्यू, हे समीकरण बहुतेक वेळा बरोबर ठरते. क्वचित एखाद्या मुलाच्या पट्टीवर मोठ्या, अपक्व पांढऱ्या पेशी दिसतात आणि तो ल्युकेमिया असतो. मुलांतील ल्युकेमियात सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक प्रकारावर टाटा रुग्णालयात १९८० च्या दशकात ‘एमसीपी-८४१’ ही औषधयोजना लागू झाली. त्याआधी पाचांतले एखादे मूल वाचे. या योजनेने ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आणि पुढे त्याहूनही वर नेले. त्याच रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

ल्युकेमियाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने तीव्र असतात आणि ते मोठ्या केंद्रातच व्हावेत. नंतरच्या टप्प्यातल्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि तापाचे पहिले इंजेक्शन घराजवळ होऊ शकते. पांढऱ्या पेशी घसरलेल्या मुलाला ताप आला, तर प्रतिजैविक तासाभरात शिरेत जायला हवे. रात्री दोन वाजता डोंबिवलीहून परळ तासाभरात गाठणे सोपे नाही.

या सगळ्याचा पाया रक्तदाता आहे. लाल पेशींची पिशवी पाच-सहा आठवडे टिकते, प्लेटलेट पाचच दिवस. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, दिवाळीत कार्यालये. शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांतले फडताळ रिकामे पडते. थॅलेसेमियाच्या रुग्णाला बदली दाता न मागता मोफत रक्त द्यावे, असा नियम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही आले आहेत.

थॅलेसेमियावर कायमचा इलाज म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. जुळणारे सख्खे भावंड हा उत्तम दाता. प्रत्येक भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक. शरीरात लोह साचून यकृत बिघडण्याआधी, लहान वयात केले तर यश जास्त. मुंबई महापालिकेचे बोरिवली येथील बालरुग्णांचे केंद्र हे काम करते, आणि कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून एका प्रत्यारोपणाला १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते.

प्रत्यारोपण न झालेली मुलेही आता मोठी होत आहेत. नियमित रक्त आणि लोह काढणारे औषध मिळालेले रुग्ण तिशी ओलांडतात, नोकरी करतात, लग्न करतात. बालरोग विभागाच्या रंगीत भिंतींत वाढलेल्या या माणसांना प्रौढांच्या विभागात रक्तविकारतज्ज्ञ लागतो. आता हृदयाचे ठोके, मधुमेह आणि हाडांची झीज सांभाळायची असते. लग्न ठरताना जोडीदाराची एचपीएलसी करावी लागते. जोडीदार वाहक नसेल तर सगळी मुले वाहक होतील, पण बीटा थॅलेसेमिया मेजर एकालाही होणार नाही. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला मेजर होण्याची शक्यता दोनांत एक असते.