नोकरी सोडून डॉक्टर व्हायचंय? तिशीतल्या उमेदवाराला 'नीट'चे नियम काय सांगतात?

चाकणमधल्या एखाद्या कंपनीत क्वालिटी विभागात काम करणारा, २८ वर्षांचा इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. पगार बरा आहे, घराचा हप्ता सुरू आहे. पण बारावीत राहून गेलेली एक इच्छा मनातून जात नाही. मग रात्री मोबाईलवर तो शोधतो, "नीटला वयाची अट आहे का?" उत्तरं दोन टोकांची मिळतात. कोणी म्हणतं, आता काही होणार नाही. कोणी म्हणतं, वय हा फक्त आकडा आहे.

खरं उत्तर या दोन्हींच्या मधलं आहे. नियम बऱ्यापैकी मोकळे आहेत, पण हिशेब अवघड आहे.

वयाची अट आहे का?

खालची आहे, वरची नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. कमाल वयाची मर्यादा आज नाही, आणि परीक्षा किती वेळा द्यावी यालाही बंधन नाही.

जुनी माहिती अजून फिरते, त्याला कारण आहे. मध्यंतरी खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षांची मर्यादा घातली गेली होती. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन जास्त वयाच्या उमेदवारांनाही परीक्षेला बसू दिलं. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कमाल मर्यादा नको असा निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये तो जाहीर झाला.

ओडिशातले निवृत्त बँक अधिकारी जयकिशोर प्रधान यांनी २०२० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी नीट देऊन बुर्ला इथल्या सरकारी संस्थेत प्रवेश मिळवला, तेव्हा देशभर बातमी झाली होती.

एक अपवाद मात्र आपल्या पुण्यातच आहे. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाला, म्हणजे एएफएमसीला, स्वतःची वयोमर्यादा आहे. तिथे २४ च्या आतले, अविवाहित उमेदवारच चालतात.

अकरावीत 'बायो' सोडलं होतं, मग?

इंजिनिअरिंगला जाणारी अनेक मुलं अकरावीलाच बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतात. पूर्वी इथेच दार बंद व्हायचं. कारण दोन वर्षं सलग, नियमित वर्गात जीवशास्त्र शिकलेलं असणं आवश्यक होतं.

२२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने आयोगाने ही अट सैल केली. आता बारावी झाल्यानंतरही मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण होता येतं आणि नीटला बसता येतं. नोकरी करणाऱ्यांना यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग सोयीचा पडतो.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४० टक्के गुण लागतात. इंग्रजीत उत्तीर्ण असणंही गरजेचं आहे.

दहावीनंतर डिप्लोमा केलाय, तर?

भोसरी, तळवडे, चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. दहावीनंतर थेट पॉलिटेक्निक किंवा आयटीआय केलेले हजारो जण इथे काम करतात. नीटसाठी डिप्लोमा हा विज्ञान शाखेच्या बारावीला पर्याय ठरत नाही. डिप्लोमानंतर पदवी घेतली असली तरी बारावीचे हे विषय उत्तीर्ण व्हावेच लागतात. म्हणजे तयारीआधी आणखी एक परीक्षा.

इथे एक खबरदारी घ्या. सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्यासाठी महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र आणि साधारणपणे दहावी व बारावी महाराष्ट्रातूनच झालेली असणं लागतं. त्यामुळे बारावीसाठी परराज्यातलं 'सोपं' केंद्र निवडलंत, तर राज्य कोट्यातली जागा हातची जाऊ शकते.

'पात्र' होणं आणि प्रवेश मिळणं वेगळं

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास असतात. ९० प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्राचे निम्मे निम्मे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते.

२०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त उमेदवारांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र साधारण सव्वा लाख. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ गुणांवर होती. सरकारी जागेसाठी त्याच्या तिपटीहून जास्त गुण लागतात. म्हणून "मी क्वालिफाय झालो" एवढ्यावर राजीनामा देऊ नका.

पैशांचं गणित

सरकारी महाविद्यालयात वर्षाची फी साधारण एक ते दीड लाख रुपये. पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय या गटात येतं. खासगी महाविद्यालयांत फी कित्येक पट होते आणि अभिमत विद्यापीठांत काही ठिकाणी ती वर्षाला २० लाखांच्या पुढे जाते. पिंपरीतलं डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय घराजवळ असलं तरी ते अभिमत विद्यापीठाचं आहे. तिथे राज्य कोटा नसतो, प्रवेश केंद्रीय फेऱ्यांतून होतात.

फीपेक्षा मोठा खर्च न मिळालेल्या पगाराचा असतो. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. हजेरी थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागते, त्यामुळे शिफ्टमधली नोकरी सोबत चालवणं शक्य नाही. पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त चार प्रयत्नांत उत्तीर्ण व्हावी लागते.

२८ व्या वर्षी सुरुवात केली आणि तयारीला दोन वर्षं लागली, तर डॉक्टर होईपर्यंत वय ३५ च्या पुढे. सरकारी महाविद्यालयातून शिकलात तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. पुढे एमडी किंवा एमएसची तीन वर्षं धरली, की चाळिशी आली. हे वाईट आहे असं नाही. पण घरातल्यांना हा आकडा आधी सांगायला हवा. साडेपाच वर्षं हप्ता कोण भरणार, हा प्रश्न एकट्याने सोडवण्यासारखा नाही.

राजीनाम्याआधी काय कराल?

आधी आपली बारावीची गुणपत्रिका काढा आणि कुठला विषय कमी आहे ते पाहा. मग नोकरी चालू ठेवून एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं सहा महिने वाचा. त्यानंतर घड्याळ लावून पूर्ण तीन तासांचा एक सराव पेपर सोडवा. तो आकडा कुठल्याही प्रेरणादायी व्हिडिओपेक्षा खरं सांगतो. शिक्षणातल्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र लागतं, ते आणि अधिवास प्रमाणपत्र वेळेत तयार ठेवा.

आणि "मॅनेजमेंट कोट्यातून जागा करून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. देशात एमबीबीएसची कुठलीही जागा नीट आणि अधिकृत प्रवेशफेरीशिवाय मिळत नाही.

बीएएमएस आणि बीएचएमएसलाही नीटच लागते, हेही लक्षात असू द्या. सराव पेपरचा आकडा एमबीबीएसपर्यंत पोचत नसेल, तर ते दार उघडं असतं. आणि डॉक्टर व्हायचंय की फक्त आत्ताच्या नोकरीतून बाहेर पडायचंय, याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या. दुसरं असेल, तर त्याला साडेपाच वर्षांपेक्षा जवळचे रस्ते आहेत.