वाळू, मणी आणि बाळाचा श्वास

मुलांनो, आज वाचनाला सुरुवात करण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. घरात किंवा शेजारी एखादे तान्हे बाळ झोपलेले असेल, तर त्याच्या पोटाकडे नीट पाहा. पोट वर आले आणि खाली गेले की एक श्वास झाला. सेकंदकाट्याचे घड्याळ जवळ ठेवा आणि एका मिनिटात असे किती श्वास होतात ते मोजा.

सोपे वाटले ना? पण करून पाहिलेत तर लक्षात येईल, की एक डोळा बाळावर आणि एक घड्याळावर ठेवता ठेवता तिशीच्या पुढे आकडा चुकतो! आणि ज्याला शंभरपर्यंत अंकच येत नाहीत, त्याने काय करावे?

हा प्रश्न गमतीचा नाही. न्यूमोनियात फुफ्फुसांतील इवल्या इवल्या वायुकोशांत पाणी व पू साठतो. प्राणवायू कमी पडतो. तो भरून काढण्यासाठी बाळ भराभर श्वास घेऊ लागते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक झाले, तर तो धोक्याचा इशारा समजतात. वेळेवर योग्य औषध मिळाले तर बहुतेक मुले वाचतात. पण जवळ डॉक्टर नसेल तर हा इशारा ओळखणार कोण?

गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांपुढे नेमका हाच प्रश्न होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आरंभीच्या काळात त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक रोगाचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता, पण गावकऱ्यांना तो आपला प्रश्न वाटेना. तेव्हा डॉक्टरांनी एक धडा घेतला. लोकांवर संशोधन करणे वेगळे, आणि लोकांना बरोबर घेऊन करणे वेगळे.

मग त्यांनी लोकांनाच विचारायला सुरुवात केली. दवाखान्यात यायला भीती का वाटते? गोंड आदिवासींनी दिलेल्या उत्तरांत एक असे होते : आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतो, आणि तुमच्या दवाखान्यात सगळे पांढऱ्या कपड्यांत फिरतात! कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात हे सापडले नसते. पुढे रुग्णालय उभे राहिले ते आदिवासी गावासारखे, झोपड्यांचे. त्याला नाव मिळाले ते लोकांच्या दंतेश्वरी देवीचे.

न्यूमोनियावरील प्रयोगातही गावची माणसे सहभागी झाली. ५८ गावांत आरोग्यसेवकांना आणि गावच्या सुईणींनाही न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. तुलनेसाठी ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. एका वर्षानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू दुसऱ्या गटात १७.५ होते, तर पहिल्या गटात ८.१. हा निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आता पुन्हा आपल्या मोजणीकडे येऊ. निरक्षर सुईणींना ५०-६० पर्यंत श्वास मोजणे अवघड जाई. त्यांच्यासाठी एक साधे उपकरण तयार झाले. लाकडी पाटी, तिच्यावर एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, आणखी एक मणी. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी वरची ओळ. तिच्यातील सहावा मणी लाल. त्याहून मोठ्या बाळासाठी खालची ओळ. तिच्यातील पाचवा मणी लाल. वाळू संपण्यापूर्वीच लाल मण्यावर हात पोचला, तर श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे! सुईणीला येणारे दहापर्यंतचे अंक पुरेसे झाले.

आम्ही वर्गात सांगतो, की उपकरण निवडताना काय मोजायचे हे पाहावे. त्याला एक जोड द्यायला हवी : मोजणार कोण, हेही पाहावे. सुईण कमी पडली नव्हती, घड्याळ तिच्या कामाचे नव्हते.

पुढे १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रिया ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि जरूर तर इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. शेजारणीच्या हातून आपल्या चार दिवसांच्या बाळाला सुई टोचून घ्यायची, याला आईचा केवढा विश्वास हवा! त्या गावांत दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात होणारे मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. तुलनेच्या ४७ गावांत असा फरक पडला नाही. २०११ पासून भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची योजना देशभर स्वीकारली.

सुटीत तुम्हीही मण्यांची अशी पाटी करून पाहा. दोन छोट्या बाटल्या, बारीक चाळलेली वाळू आणि अकरा मणी एवढे साहित्य पुरते. वाळू बरोबर एका मिनिटात पडेल असे छिद्र साधायला बरेच प्रयत्न करावे लागतील. पाटी तयार झाली, की शाळेत न गेलेल्या एखाद्या आजीच्या हाती द्या आणि तिला ती वापरता येते का ते पाहा. तिला अडचण आली, तर चूक आजीची समजू नका. कुठे अडते ते तिलाच विचारा आणि पाटीत दुरुस्ती करा.