ब्राउझरला कोणते टॅग आणि गुणधर्म कळतात?

एचटीएमएलमध्ये टॅगचे स्पेलिंग चुकले तर ब्राउझर काय करतो? वर्गात उत्तर येते, ‘एरर देतो.’ तो काहीच देत नाही. अनोळखी टॅगमधला मजकूर तो साधा मजकूर म्हणून दाखवतो. अनोळखी गुणधर्म जपून ठेवतो, पण त्यावरून काही करत नाही. म्हणूनच चूक सापडायला वेळ लागतो.

मग ओळखीचे टॅग ठरवते कोण? १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी दिलेल्या यादीत जेमतेम १८ टॅग होते. चित्राचा टॅग १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी सुचवला आणि मोझेइक ब्राउझरमध्ये तो आला. मानक नंतर आले. १९९९ च्या ४.०१ आवृत्तीत ही यादी डीटीडी म्हणजे औपचारिक व्याकरण म्हणून लिहिलेली होती: कशाच्या आत काय चालेल, चित्राला पर्यायी मजकूर सक्तीचा, वगैरे. परंतु ब्राउझर पान दाखवताना डीटीडी वाचत नाही. ती तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी असते. परीक्षेत हे हमखास चुकते! आज ब्राउझर कंपन्यांचा डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा गट मानक सतत अद्ययावत ठेवतो. त्यात ‘मार्की’ कालबाह्य आहे, तरी मजकूर सरकतो. ‘ब्लिंक’ मात्र आता लुकलुकत नाही.

आता तुमच्या कामाचा गुणधर्म पाहू: ‘लँग’. इथे म्हैसूरला चामराजपुरम स्थानकाच्या पाटीवर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी आहे. त्यातली देवनागरी हिंदी आहे की मराठी, हे केवळ अक्षरांवरून ब्राउझरला कळणार नाही. ते तुम्ही सांगायचे: मराठीला ‘एमआर’, हिंदीला ‘एचआय’. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण आहेत; हिंदीत ती वेगळी दिसतात. दोन्हींचा युनिकोड क्रमांक मात्र एकच. त्यामुळे योग्य रूप निवडायला ‘लँग’ लागतो. दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडरही उच्चारासाठी आवाज कोणत्या भाषेचा घ्यायचा हे त्यावरूनच ठरवते. मराठी पानावर ‘ईएन’ तसेच राहिले, तर त्या वाचकाची पंचाईत होते.

करून पाहा. एकाच पानावर ‘लाल शाल’ दोनदा लिहा, एकदा ‘एमआर’ देऊन, एकदा ‘एचआय’ देऊन. दोन्ही सारखेच दिसले तर आधी फॉन्ट बदला, कारण काही फॉन्टमध्ये मराठी रूपे नसतातच. तरीही फरक पडला नाही, तर गुणधर्माचे स्पेलिंग तपासा.