शर्यत सुटते, गाडी सुटत नाही

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणी आपले दुकान बंद केले, की 'का बंद केले' असे न विचारता तो आधी 'थकबाकी किती' असे विचारतो. माझ्या भाच्याने मोटोक्रॉसच्या शर्यती सोडल्याचे सांगितले तेव्हा मीही हाच प्रश्न केला. त्यावर तो हसला. मग मी आणखी एक वाक्य बोललो. "हरायला लागलास म्हणून पळालास."

त्याने चहाचा कप खाली ठेवला, मामींना येतो म्हणून सांगितले आणि तो निघून गेला. पुढचे अकरा महिने तो आमच्याकडे फिरकला नाही. गणपतीतसुद्धा नाही.

मला राग येण्याचे कारण होते. त्याच्या कर्जाला मी जामीन होतो. पण खरे सांगायचे तर ते निमित्त होते. चारचौघांत 'माझा भाचा मोटोक्रॉस खेळतो' असे सांगून मी जो भाव खात होतो, तो आता खाता येणार नव्हता. आपल्या घरातल्या तरुणांच्या पराक्रमावर आपण असेच व्याज खात असतो. मुद्दल त्यांचे असते.

मोटोक्रॉस म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मातीचा मुद्दाम उंचसखल केलेला बंदिस्त ट्रॅक, त्यावर उंचवटे, खड्डे, उलटसुलट वळणे आणि गाडीसकट हवेत घ्यायच्या उड्या. खेळ जन्मला इंग्लंडात, 1924 साली, कॅम्बर्लीजवळच्या माळरानावर. तेव्हा त्याला 'स्क्रॅम्बल' म्हणत. पुढे फ्रेंचांनी 'मोटो' आणि 'क्रॉस' हे शब्द जोडून आजचे नाव दिले. 1972 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये माती आणून ओतली गेली आणि माळावरचा खेळ स्टेडियमात आला. त्या प्रकाराला आज आपण सुपरक्रॉस म्हणतो. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या पोरांना या खेळाचे वेड जुने आहे. मैदानाच्या कडेला धुळीत उभे राहून, तोंडाला रुमाल बांधून शर्यत पाहणारे प्रेक्षकही इथे पिढ्यान् पिढ्या आहेत.

भाच्याचे पुण्यात गॅरेज आहे. विशीत तो आपल्याच हाताने सुधारलेली भारतीय गाडी घेऊन नवशिक्यांच्या गटात उतरला, मग खासगी स्पर्धकांच्या गटात गेला, दोन-तीन करंडकही आणले. आणि मग त्याला वाटू लागले, की आता खरी मोटोक्रॉसची गाडी हवी.

इथून हिशेब सुरू होतो. अशी अडीचशे सीसीची परदेशी गाडी नवी घ्यायची तर सात-आठ लाखांच्या घरात जाते. तिला दिवा नाही, नंबरप्लेट नाही. रस्त्यावर चालवण्यासाठी ती नसतेच, त्यामुळे तिची आरटीओत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे आरसी बुक नाही आणि आरसी बुक नाही तर बँकेने आपला बोजा चढवायचा कुठे? तेव्हा वाहनकर्ज नाही. उरते वैयक्तिक कर्ज, चढ्या व्याजाचे, जामीनदारासह. त्याने जुनी गाडी घेतली आणि जामीनदार कोण, ते वर आलेच आहे.

गाडी घेतली की खर्च संपत नाही, सुरू होतो. आपल्या गाडीचे तेल आपण किलोमीटर पाहून बदलतो. या गाडीचे आयुष्य तासांत मोजतात. शर्यतीच्या वापरात पिस्टनसुद्धा तासांच्या हिशेबाने बदलावा लागतो. टायर, साखळी, क्लचच्या प्लेटी, हेल्मेट, बूट, गुडघ्यांचे कवच हे वेगळेच. मैदानावर ती टेम्पोत घालूनच न्यावी लागते. वर्षभर सराव करायचा आणि शर्यतीचे रविवार मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

एकदा कुतूहल म्हणून मी वाहन विम्याची पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी वाहन वापरले तर संरक्षण नाही, असे तिथे स्वच्छ लिहिलेले असते. आरोग्य विम्यात धाडसी खेळांतला सहभाग 'व्यावसायिक' असेल तर तो खर्च वगळतात. आता वर्षातून एकदा पाच हजारांचे बक्षीस घेणारा गॅरेजवाला हौशी की व्यावसायिक? या एका शब्दावर दोन वकील जगतील.

पैशाच्या खात्यानंतर शरीराचे खाते. लोकांना वाटते, गाडी पळते, माणूस नुसता बसतो. वास्तविक तो बसतच नाही. जागतिक अजिंक्यपदाची एक फेरी अर्धा तास आणि वर दोन चकरा एवढी असते आणि त्यातला बहुतेक वेळ माणूस पावलांवर उभा असतो. हृदय आपल्या कमाल गतीच्या जवळ धडधडत राहते. मनगट ते कोपर हा भाग रक्ताने तटतटून दगडासारखा होतो, बोटांत ब्रेक दाबण्याचीही ताकद उरत नाही. इंग्रजीत याला 'आर्म पंप' म्हणतात. आमचा भाचा म्हणतो, "हात आपला राहत नाही, मामा."

त्याची गळपट्टीची हाडे दोनदा मोडली. ती जुळतात. पण तिसऱ्या वेळी डाव्या मनगटातले एक काजूच्या आकाराचे लहानसे हाड मोडले. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सावकाश जुळते आणि कधी कधी नीट जुळतही नाही. गॅरेज बरेच महिने मदतनिसाच्या जिवावर चालले. ज्याचे पोट हातावर आहे, त्याचे मनगट जाणे म्हणजे काय, हे मी समजायला हवे होते. मला तेव्हा फक्त हप्ते दिसत होते.

आणि तिसरे खाते शिडीचे. हौशी खेळाडूने चढत जायचे कुठे? अमेरिकेत टेनेसी राज्यात लॉरेटा लिन या गायिकेच्या शेतावर 1982 पासून हौशी मोटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे पोरांचे गट आहेत, तसे तिशी, चाळिशी, पन्नाशी ओलांडलेल्यांचेही आहेत. चाळिशीचा नळदुरुस्तीवाला दुसऱ्या चाळिशीवाल्याशी खेळतो. आपल्याकडे तिशीचा गॅरेजवाला एकोणीस वर्षांच्या पोराशी खेळतो आणि त्या पोराला अजून कोणाची फी भरायची नसते. वरच्या पायरीवर कंपन्यांचे संघ आहेत, पण जागा मोजक्या. 2024 मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची सुरुवात पुण्यातून झाली, बालेवाडीत झगमगाट झाला, परदेशी खेळाडू आले, आनंद आहे. पण शिडीचे वरचे टोक रंगवले म्हणून मधल्या तुटलेल्या पायऱ्या जोडल्या जात नाहीत.

हे सगळे मला माहीत होते. तरीही मी 'पळालास' म्हणालो होतो.

अखेर बहिणीकरवी निरोप धाडला. मार्च महिना होता. उत्तर आले, "रविवारी पहाटे पाचला भोरच्या रस्त्याला या. बोलायचं तिथंच बोलू." मी गेलो. भाटघर धरणाचे पाणी ओसरू लागले होते, काठची भेगाळलेली जमीन उघडी पडली होती. सहा-सात गाड्या उभ्या होत्या. भाच्याची गाडी आता दोनशे सीसीची, भारतीय बनावटीची, दिवा आणि नंबरप्लेट असलेली. मला ओळखीच्या एका जीपमध्ये बसवून त्यांनी मागे घेतले.

गाडीवाटेने, ओढ्याच्या गोट्यांतून, चढावरून ती पोरे हळूहळू जात होती. हळू हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. इथे क्लचवर तोल सांभाळत माणसाच्या चालीने गाडी न्यायची असते. एक जण ओढ्यात आडवा झाला. लगेच सगळे थांबले, चौघांनी मिळून गाडी उचलली, कोणी पाणी दिले, कोणी वाकलेला क्लचचा दांडा सरळ केला. एका धनगराची मेंढरे आडवी आली तेव्हा सगळ्यांनी इंजिने बंद केली. पावसाळ्यात सड्यांवर जात नाही, असे भाच्याने सांगितले. तिथली फुले वितभर मातीत उगवतात, चाकाचा एक चर पडला की ती जागा वर्षानुवर्षे भरून येत नाही. वनखात्याच्या हद्दीत शिरायचे नाही आणि शेताच्या बांधावर चाक घालायचे नाही, हेही नियम. मोडणारे टोळभैरव आहेत, हे त्याने लपवले नाही.

दुपारी एका वडाखाली भाकरी खाताना तो आपणहून बोलला.

"मामा, शेवटच्या शर्यतीत माझ्या पुढचा पोरगा उडी घेऊन खाली आला तो पडलाच. पिवळं निशाण हलायला लागलं. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? एक नंबर वाढला. तो पोरगा माझ्याच गॅरेजमध्ये गाडी दुरुस्तीला आणायचा. सोळा वर्षांचा. त्या वेळी मला काही वाटलं नाही. आठ दिवसांनी रात्री आठवलं आणि झोप लागेना."

"तो पोरगा?"

"बरा आहे. पाय मोडला होता. अजून खेळतो." मग थोडे थांबून म्हणाला, "आणि दुसरं म्हणजे, जोड-उडीच्या आधी माझा हात आपोआप सैल पडायला लागला होता. लेक डोळ्यांपुढं यायची."

जोड-उडी म्हणजे दोन उंचवटे. पहिल्यावरून उडायचे ते थेट दुसऱ्याच्या पलीकडच्या उतारावर उतरायचे. पूर्ण जोर लावला तर माणूस सुखरूप पोचतो. अर्ध्या मनाने उडाला, तर दुसऱ्या उंचवट्याच्या अंगावरच आपटतो. म्हणजे तिथे भीतीपेक्षा शंका घातक. भीती वाटणारा थांबतो तरी, शंका असलेला उडतो आणि मधेच पडतो. आपल्याला शंका येऊ लागली हे ओळखून जो थांबतो, त्याला पळपुटा म्हणणारा माणूस त्या ट्रॅकवर कधी उभा राहिलेला नसतो. मी उभा राहिलो होतो, पण प्रेक्षकांत.

मला माझेच आठवले. कादंबऱ्या स्पर्धांना पाठवणे मी पन्नाशीला बंद केले. निकालाच्या दिवशी दुसऱ्याचे नाव वाचून पोटात जे कालवे, ते मला आवडेनासे झाले होते. लिहिणे मात्र सुटले नाही. तेव्हा मला कोणीही 'पळालास' म्हटले नाही. कोल्हापुरात आखाडा सोडलेले कितीतरी पैलवान पहाटे तालमीत जातात, पोरांना डाव शिकवतात. त्यांनाही आपण वस्ताद म्हणतो. मग गाडीवाल्यालाच वेगळा न्याय का?

ट्रॅक सोडणे म्हणजे शेवट असेही नाही. बंगळुरूचा सी. एस. संतोष सुपरक्रॉसमधूनच रॅलीकडे वळला आणि 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, छत्तिसावा आला. केरळच्या हरिथ नोहाने 2024 च्या डकारमध्ये आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. तोही सुपरक्रॉसचाच. अर्थात मोकळे रान म्हणजे सुरक्षित रान, असे कोणी समजू नये. 2021 मध्ये सौदी अरेबियातल्या डकारमध्ये संतोषला गंभीर दुखापत झाली होती. वाळवंटाला कोणाची ओळख नसते.

माझा भाचा डकारला जाणार नाही. तो भोरला जातो. आणि ज्या माळरानावरून हा खेळ शंभर वर्षांपूर्वी निघाला, त्याच माळावर तो परत गेला आहे, असे मला आता वाटते. तरीही एक खंत राहतेच. त्याच्या वयाच्यांसाठी एखादा गट असता, सरावाला जवळ एखादे मैदान असते, तर कदाचित त्याने वर्षातून दोन रविवार अजूनही शर्यतीला दिले असते. सगळेच जण तृप्त होऊन थांबत नाहीत. काहींना आपण थांबवतो.

निघताना मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो."

तो हेल्मेटचा पट्टा बांधत होता. म्हणाला, "शेवटचा हप्ता मागच्याच महिन्यात भरला, मामा. थकबाकी काही नाही."